चार नंबरची खोली

नाच बसवायचा म्हणजे आधी सगळ्यांना उठवावं लागतं.
संध्याकाळचे साडेसहा. दिवसभराची तालीम संपलेली,
सहा जण भिंतीला टेकून, पाय लांब सोडून,
आणि मध्ये विज्मा, हातात शाळकरी वही.
मी पियानोवर. माझं काम वाजवायचं
आणि मध्ये न बोलायचं. दोन्ही जमतं मला.

चौदा वर्षं ती तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी.
रीगाच्या या थिएटरात हंसीण व्हायचं
तर मान सारखी, कोपर सारखं,
श्वाससुद्धा शेजारणीच्या मापाचा लागतो.
आणि एक दिवस संचालकांनी कागद लावला:
स्वतःचं काही बसवायचं असेल त्यानं नाव लिहावं.
अकरा मिनिटं, तीन आठवडे,
पोशाख जुन्या पेट्यांतले.
तिनं पेन्सिलीनं लिहिलं, खोडता यावं म्हणून.

पहिले चार दिवस तिला सांगताच येईना.
"असं," म्हणायची, आणि स्वतःच करून दाखवायची.
सहा जण हुबेहूब तसंच. सहा विज्मा.
नक्कल करण्यात त्यांचा हात कोण धरणार,
हयात त्यातच गेलेली.

पाचव्या दिवशी डागनियाला,
जिच्याशी ती आरसा, टाचेच्या पट्ट्या
आणि एका घटस्फोटाची सगळी भांडणं वाटून घेते,
त्या डागनियाला ती म्हणाली, "पुन्हा."
मग म्हणाली, "पुन्हा."
तिसऱ्यांदा डागनियानं गुडघा धरला, वर पाहिलं,
म्हणाली, "जशी आज्ञा, बाईसाहेब."
कुणी हसलं नाही.
मी उगाच एक पान उलटलं.

खिडकीखाली दाउगावा गोठलेली.
बर्फाला भोकं पाडून म्हातारे गळ टाकून बसलेले,
पाठी वाकलेल्या, हालचाल नाही.
विज्मा त्यांच्याकडे बघत राहिली, फार वेळ,
मग वही मिटून जमिनीवरच बसली.
"दुसऱ्या अंकात," म्हणाली, "राजपुत्र मध्ये प्रेम करत असतो
आणि आपण कडेला उभ्या असतो,
तेव्हा तुझं काय दुखतं?"

"पोटरी. डावी," डागनिया म्हणाली, जरा वेळानं.
"सातव्या मिनिटाला पेटते.
मग मी मनात बाजाराची यादी करते.
बीट, शेवाची जुडी, धुरातली मासळी, सुट्टे पैसे."
"माझं नाक खाजतं," एडविन्स म्हणाला,
तो भाला धरून उभा असतो. "मी दिवे मोजतो."
आणि गुंटिस, आमचा राजपुत्र,
दर गुरुवारी मध्ये प्रेम करणारा,
त्यानं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं.
"तुम्हाला दुखतं?"

त्या रात्री दहापर्यंत कुणी कोट घातला नाही.

बसवलं काय, तर उभं राहणं.
सहा जण एका रांगेत, मधली जागा मोकळी.
एका पोटरीत कळ उठते, शेजारच्या मांडीत शिरते,
एकीची बोटं बिटं निवडतात,
एक हनुवटी दिव्यांवरून सरकते, एकवीस, बावीस.
गुंटिसला सगळ्यांत उशिरा आलं.
त्याला स्वस्थ उभं राहता येईना, सारखा पुढे झुकायचा,
जणू कुणीतरी हाक मारणारच आहे.
विज्मा म्हणाली, "हे ठेव."

मग माझ्याकडे वळून, "इथून काही वाजवू नका."
अकरांतली सात मिनिटं मी हात मांडीवर ठेवून.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं
की माझा उजवा खांदा डाव्याहून खाली आहे.

छोट्या सभागृहात प्रयोग झाला. दीडशे माणसं.
आठव्या मिनिटाला एक बाई उठून गेली,
तिच्या खुर्चीचा आवाज मला आवडला.
टाळ्या पडल्या, खूप नाही.
विज्माला नमस्काराला कुठे उभं राहावं कळेना,
सवयीनं डावीकडून चौथ्या जागी गेली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा हंसिणी.
मी विंगेत, कोट हातात, घरी निघालेलो.
मध्ये गुंटिस, राजकन्येची कंबर धरून,
वळता वळता त्याची नजर
तिसऱ्या रांगेच्या पोटऱ्यांवर गेली
आणि ठेका चुकला. अर्धाच.
प्रेक्षकांत कुणाला कळलं नसेल.
चोवीस जणींना कळलं.